ताप आलाच नाही

“वहिनी, माझ्याच आईला भेटायला मी आता तुझी परवानगी घ्यायची?”

कडेवरच्या रतनला सावरत नीला दारातच उभी होती. बोरिवलीहून घाटकोपरला आलेल्या नणंदेला असं उंबऱ्याबाहेर थांबवताना मृणालिनीचं काळीज तुटत होतं. पण रतनचं नाक वाहत होतं, नीलाही खोकत होती, आणि आत मृणालिनीच्या सासूबाई, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या अंजनाबाई, नुकत्याच डायलिसिस करून येऊन पडल्या होत्या. रक्तात साचणाऱ्या विषानं त्यांची प्रतिकारशक्तीच मारली आहे, साधी सर्दीही त्यांना झेपायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“सर्दीनं कुणी मरतं का? तुला आमचं येणंच नको आहे.”

आतून क्षीण आवाज आला... “येऊ दे गं तिला. नातवाला तरी माझ्यापासून तोडू नकोस.”

श्यामसुंदरनं बायकोकडे न पाहताच बहिणीला आत घेतलं. अंजनाबाईंनी रतनला छातीशी धरलं, त्याचे पापे घेतले... आणि मृणालिनी स्वयंपाकघराच्या दाराशी नुसती पाहत राहिली.

नंतर ती रोज सासूबाईंच्या कपाळाला हात लावी. ताप नव्हता. थोडा खोकला, थोडी गुंगी, एवढंच. “बघ, उगाच घाबरलीस,” श्यामसुंदर म्हणाला. पण रविवारी सकाळी त्यांना धाप लागली, आणि दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियानं भरल्याचं हॉस्पिटलात कळलं.

“पण डॉक्टर, ताप तर आलाच नाही...”

“ताप यायलाही शरीरात बळ लागतं. त्यांच्यात ते उरलेलं नाही.”

नीला धावतपळत आली, वॉर्डच्या दारापर्यंत पोचली आणि तिथेच थबकली. तोंडाशी पदर धरून म्हणाली, “तू जा, वहिनी. माझा खोकला अजून गेला नाही.” मग तिचा बांध फुटला. “मीच ना गं... मीच दिलं ना हे आईला?”

मृणालिनीनं तिला जवळ ओढलं. मग ती एकटीच आत गेली.

आत अंजनाबाईंनी कष्टानं डोळे उघडले. “नीला नाही आली?”

खोकल्यामुळे ती दाराशीच थांबली हे खरं सांगितलं, तर लेकीचा अपराध उराशी घेऊनच ही माउली जाणार...

“आली होती, आई. मीच आत येऊ दिलं नाही.”

सुयांनी काळानिळा पडलेला हात अंजनाबाईंनी सुनेच्या हातावर ठेवला.

“बरं केलंस, पोरी. तिच्याकडे लहान मूल आहे.”

इतक्या वर्षांत त्यांनी मृणालिनीला पोरी म्हणून हाक मारली नव्हती. तिनं तो हात दोन्ही तळव्यांत घेतला आणि ती चोळत राहिली, चोळत राहिली... त्यात ऊब काही येईना.