धुक्यातली पहार

इनारीच्या तळ्यावर नोव्हेंबरात पहिला बर्फ धरतो आणि ट्राउट मासे तेव्हाच सगळ्यात हावरट असतात. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. दहा सेंटिमीटर काळा, नितळ बर्फ माणसाला पेलतो, पांढऱ्याचा भरवसा नाही, हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

माझा धाकटा भाऊ आस्लाक दोन वर्षांपूर्वी या तळ्यात बर्फ फुटून पडला होता. वाचला, पण पुन्हा तळ्यावर पाऊल ठेवलं नाही. त्या सकाळी तो स्वतःहून गळ घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"ताई, तू पुढे हो. तू हलकी आहेस."

"साठीच्या बाईला हलकी म्हणतोस? खोटारडा!"

दोघांच्या गळ्यात बर्फात रुतवायचे खिळे, कमरेला एकच दोर, मध्ये दहा पावलांचं अंतर. प्रत्येक पावलाआधी मी पहार आपटून पाहत होते. पलीकडच्या काठावर मासेमारीची झोपडी होती, तिथे पोचायचं होतं. अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. मागे आस्लाक दिसेना, नुसता दोर दिसत होता.

तेवढ्यात समोरून बर्फावर पहार आपटल्यासारखा आवाज आला. ठक. जरा थांबून पुन्हा, ठक.

"कोण आहे?" मी ओरडले. कुणी ओ दिली नाही. आवाज डावीकडे सरकला.

"ताई, त्याच्या मागे जाऊ," आस्लाक म्हणाला.

"झोपडी सरळ समोर आहे. होकायंत्र माझ्या हातात आहे."

तीन पावलं नीट पडली. चौथ्याला पहार आरपार गेली आणि तिच्यामागून मी.

छातीवर गार पाणी. श्वासच फुटेना.

"वळ! आलीस तिकडे तोंड कर!" आस्लाक पालथा पडून दोर ओढत होता. "पाय मार! खिळे रुतव!"

मी रुतवले. वर आले आणि लोळत त्याच्यापर्यंत गेले.

त्याने आपला कोट मला घातला, स्वतःची पहार उचलली. "आता मी पुढे."

डावीकडून ठक. त्याने ठोकलं, ठक. बर्फ घट्ट होता.

असं करत आम्ही काठावरच्या झोपडीशी पोचलो. आवाज थांबला.

चूल पेटली, मी कोरडी झाले. झोपडीसमोर बर्फात एक ताजं भोक होतं. भोवतालच्या भुरभुरीत हिमावर आमच्याखेरीज कुणाचं पाऊल नव्हतं. आस्लाकने तिथेच गळ सोडला. तासाभरात तीन ट्राउट.

"उद्या परत येऊ ना, ताई?" दोन वर्षांनी त्याला असं हसताना पाहत होते.

"येऊ की."

कॉफीसाठी पाणी काढायला मी भोकाशी वाकले. पहारेचे घाव बर्फात अजून स्पष्ट होते. मी त्यांवरून बोट फिरवलं.

सगळे घाव खालून वर आलेले होते.