सकयल कोण आसा?

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे खोटं नाही. माझ्या मावसभावावर, तुषारवर बेतलेलं आहे हे. आजही तो देवाची आण घेऊन सांगतो.

साल २००९. श्रावणातली अमावास्या, तिन्हीसांज. गाव आमोणे, तालुका डिचोली.

तिथं मांडवीच्या बांधात मानस आहे. मानस म्हणजे भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून बसवलेलं दार. पूर्वी ते हातानं खाली सोडत. मग मोटर आली, आणि मोटरीला हुकूम देणारा लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचा एक छोटा डबा. डबा बसवला तुषारनेच.

मानशीची राखण कृष्णनाथकाकांकडे. काकांची एक सवय होती. दार सोडण्याआधी वाकून खाली हाक मारायची,

"सकयल कोण आसा रे?"

खाली कोणी नाही ना, एवढंच बघायचं. ओ आली नाही, की दार सोडायचं.

पण लाईट गेली की डबा बंद, आणि आली की पडदा आधी नाव विचारणार. मग पासवर्ड. तोवर मोटर ढिम्म. काका एका बोटानं टाईप करायचे. टक… टक… टक… चुकायचे, शिव्या घालायचे.

"बाबा, ह्या मेल्याचें नांव विचारप बंद कर रे!"

ज्येष्ठात काका गेले. तापानं, घरी, खाटेवर. तुषारनं मग त्यांची इच्छा पुरी केली. नाव विचारणारी ओळ फाइलमधून उडवली. आता लाईट आली की डबा आपोआप सुरू, आणि भरती असली की दारही आपोआप खाली.

त्या संध्याकाळी लाईट नव्हती. भरती चढत होती. आणि दाराच्या खाचेत एक ओंडका अडकला होता.

तुषारचा धाकटा भाऊ अजय कमरेला दोर बांधून खाली उतरला. तुषार बिनघोर होता. लाईट नाही, तर दार हलेल कशाला? आणि आली तरी डबा आधी नाव विचारेल…

आपणच ते बंद केलंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आणि खांबावरचा दिवा लागला.

तुषार ओरडला, "अजय! वर ये! आधी वर ये!"

"दादा, पाय अडकलो रे!"

दोर खुंटाला गुंडाळून तो खोलीत धावला. पडद्यावर ओळी पळत होत्या. त्यानं बटणं बडवली. काही नाही. मेन स्विचचा दांडा खाऱ्या हवेनं गंजून आवळलेला. तो लोंबकळला त्याला, तळहात सोलून निघाले. दांडा हलेना.

मोटर गुरगुरली.

दार खाली येऊ लागलं.

"दादाऽऽ!"

तुषार रडत होता. सरळ सांगतो, लहान पोरासारखा रडत होता. "लईराई माते, माझ्या भावाक सांभाळ गो…"

तेवढ्यात लाईट मिणमिणली. गेली. परत आली. डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. परत तेच होणार…

पण मोटर गप्पच राहिली.

आणि मग…

टक… टक… टक…

कीबोर्डजवळ कोणी नव्हतं. तुषार स्विचपाशी, भिंतीला टेकून. पडद्यावर लॉगिन उभं होतं. त्यानं स्वतः काढून टाकलेलं. पुढं एकेक अक्षर उमटत गेलं.

कृष्णनाथ.

खाली पासवर्डच्या जागी ठिपका लुकलुकत राहिला.

दार अजयच्या खांद्यापासून वीतभर वर थांबलं होतं. तुषारनं कसाबसा ओंडका सोडवला, भावाला ओढून बांधावर घेतलं. अजय जरा दम घेऊन म्हणाला,

"बरं झालं दादा तू हाक मारलीस. मी ओ दिली म्हणून तू दार थांबवलंस ना?"

"कसली हाक?"

"सकयल कोण आसा म्हणून…"

तुषारनं हाक मारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं फाइल उघडली. लॉगिनची ओळ त्यात नव्हती. त्यानं केलं होतं तसंच सगळं.

त्या दिवसापासून डब्याची वायरच काढून ठेवली. दोघं भाऊ स्वतः जाऊन बटण दाबून दार सोडायचे, आणि आधी हाक मारायचे. ओ कधी येत नसे.

सर्वपित्री अमावास्या आली. मोठी भरती. भात पोटरीला आलेलं. अजय तुषारच्या शेजारी उभा. बांधावर तिसरं माणूस नव्हतं. तुषार वाकला.

"सकयल कोण आसा रे?"

पाणी खळखळत होतं.

आणि खालून… अगदी दाराखालून… म्हातारा, ओळखीचा आवाज आला.

"हांव आसां."

त्यानं परत विचारलं. परत तेच, मी आहे म्हणून.

पाणी चढत राहिलं. बटणावरचं बोट तुषारला काही दाबवेना.

त्या वर्षी सगळ्यांचं भात खारं झालं. गाव अजून त्याला टोचून बोलतं, दार का सोडलं नाहीस म्हणून. तो खाली मान घालून एवढंच म्हणतो,

"खालून ओ आली हो. मग कसं सोडू?"