चर्चला किती वेळा जाता?

कुणाच्या दारात उभं राहायचं हे मी ठरवत नाही. सर्वेक्षणाची घरं चिठ्ठी टाकून निघतात. त्या रविवारी सकाळी विस्कॉन्सिनच्या बर्फात रुतत, धडपडत मी एल्डन टेस्केच्या गोठ्यापाशी पोचले, ती केवळ त्याचं घर माझ्या यादीत होतं म्हणून.

ट्रॅक्टरखालून तो बाहेर आला... हात ग्रीसने माखलेले, कानटोपी तिरकी, आणि डोळे असे निळे की माझं पाठ केलेलं पहिलं वाक्यच मी विसरले.

"आई चर्चला गेलीय. मतं तिच्याकडे पोतंभर आहेत," माझा सर्वेक्षणाचा बिल्ला वाचून तो म्हणाला. "मी चालेन का?"

"घरात ज्याचा वाढदिवस आधी येतो, त्यालाच विचारायचं असतं."

"मग मीच. माझा मार्चमध्ये. नशीब काढलंत तुम्ही."

मी हसले नाही. म्हणजे, आतल्या आत हसले.

स्वयंपाकघरात त्याने कॉफी ओतली आणि मी प्रश्न वाचू लागले. कर, बंदुका, गर्भपात, बाई राष्ट्राध्यक्ष झालेली चालेल का... उत्तर काहीही येवो, मान हलवायची नाही की भुवई उचलायची नाही. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, सांगूनच टाकते. इथल्या गवळ्याचं मत वॉशिंग्टनमधल्या बड्या माणसाच्या मताइतकंच भरतं, आणि ते जसंच्या तसं पोचवते मी. फॉर्मच्या तळाशी माझी सही असते – मार्व्हेल कुबियाक. एल्डनची निम्मी मतं माझ्या अगदी उलट होती. पण प्रत्येक उत्तराआधी तो थांबून विचार करायचा, आणि ते मला फार आवडत होतं.

मग तो प्रश्न आला. चर्चला किती वेळा जाता?

"दर आठवड्याला," तो म्हणाला.

रविवार होता. साडेदहा वाजले होते. अंगात कामाचे कपडे होते.

मी तसंच लिहून घेतलं. सही करताना मात्र मन खट्टू झालं. आमच्याकडे अर्धा गाव हे असंच उत्तर देतो, पण याने द्यायला नको होतं.

गाडी सुरू करते तोच तो बिनकोटाचा धावत आला.

"ते चर्चचं खोडा. वडिलांना पुरल्यापासून तीन वर्षं मी तिथे पाऊल ठेवलेलं नाही." तो धापा टाकत होता. "तुमच्यापुढे... जरा बरा दिसायला गेलो."

"आता बरे दिसताय," मी बोलून गेले. सहा वर्षांत पहिल्यांदाच नियम मोडला.

मी उत्तर बदललं. ऊर भरून आला होता, त्याच्यासाठी आणि माझ्या सहीसाठीही. मग त्याने विचारलं, फोन केला तर चालेल का?

तिथेच तर गाडं अडत होतं. या घरांत आम्ही तीन वर्षं, दरवर्षी जाऊन हेच प्रश्न विचारतो, आणि ओळखीच्या माणसाचा फॉर्म भरायचा नाही, हा आमचा पहिला नियम. सहा वर्षांत एकही घर माझ्या हातून सुटलं नव्हतं. अख्ख्या राज्यात असं दुसरं कुणी नव्हतं, आणि ते मी येताजाता सगळ्यांना ऐकवत असे. हो म्हटलं तर ते आज संपणार होतं.

खाली उतरून, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी शेरा लिहिला: 'पुढच्या वर्षी या घरी दुसऱ्या कुणाला पाठवावे. गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत.'

त्याने तो माझ्या खांद्यावरून वाचला.

"पण आपली ओळख कुठंय अजून?" तो हळूच म्हणाला.

"नाहीये. पण मला ती हवीय, एल्डन," मी त्याच्याकडे सरळ बघत म्हणाले, आणि माझा आवाज जराही कापला नाही.