बाहेरची कडी

लढाईच्या धामधुमीत जबलपूरजवळच्या एका बारुदाच्या कारखान्यात चिंतामणी बक्षी फोरमन होते. हाताखालची माणसं त्यांच्या लेखी ढोरं. मागच्याच आठवड्यात दारू भरायच्या खोलीत आग लागून रामकृष्ण नावाचा मजूर जळून मेला, तेव्हा "गाढव निष्काळजी होतं," एवढंच ते बोलले. तसाच अहवाल लिहून त्यांनी खणात कुलपात ठेवला. सोमवारी तो साहेबाकडे जायचा होता.

रविवारी दुपारी ते पत्नी विनताबाईंना घेऊन फिरायला निघाले. कुंडमच्या रस्त्यालगत झाडीतून, नाल्याच्या काठाकाठाने एक पायवाट जाते. सपाट, सावलीची, जेमतेम अर्ध्या तासाची. वाटेच्या तोंडाशी मोळी बांधणाऱ्या बाईने हात जोडून सांगितलं, इधर से मत जाइए, उस जले मजदूर की राख इसी नाले में बहाई है, भूत लगता है. विनताबाई घुटमळल्या. अडाण्यांची भुतंही अडाणीच, असं म्हणून चिंतामणी मागे न पाहता आत शिरले.

थोड्या वेळाने मागे पाचोळा वाजला, बांगड्या किणकिणल्या. आली म्हणायची! जाणार कुठे? चिंतामणी बोलत सुटले. मजूर, शेजारी, बायकोचं माहेर, एकेकाची सालटी काढली. मागून हळूच 'हो' यायचं. झाडी दाटत गेली. पाणी खळखळत होतं, पण दिसेना. हवेत ओल्या राखेचा वास होता.

"अहवालात काय लिहिलं?" मागून विचारलं.

"त्याचाच दोष. दुसरं काय?"

पाचोळा अगदी पाठीशी वाजला.

"मग दाराला बाहेरून कडी काहून होती...?"

चिंतामणींचे पाय खिळले. मजूर सारखे बाहेर पळतात म्हणून ती कडी त्यांनीच घातली होती, आणि आग निवल्यावर गुपचूप काढली होती. हे कोणालाही ठाऊक नव्हतं. ते वळले. वाट रिकामी होती.

धावत ते वाटेच्या पलीकडच्या टोकाला, रस्त्यावरच्या छोट्या पुलियाशी पोचले. विनताबाई रस्त्याने टांगा करून आधीच तिथे येऊन बसल्या होत्या.

"मी आत आलीच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणाशी बोलून राहिले होते? दोघांचा आवाज येत होता..."

सोमवारी चिंतामणींनी खणाचं कुलूप काढलं. अहवालावर, त्यांच्या सहीशेजारी, कोणाचा तरी ओला अंगठा उमटला होता. नाल्याची रेती त्याला चिकटलेली. त्यांनी कागद फाडला. असल्या थेरांना भ्यायचं तर फोरमन कशाला व्हायचं? तोच मजकूर पुन्हा लिहिला, सही ठोकली आणि टीपकागद घ्यायला मान वळवली.

परत पाहिलं, तर या वेळी अंगठे दोन होते, आणि चिंतामणींच्या स्वतःच्या अंगठ्याला ओली रेती चिकटली होती.