आबाजींचा अंदाज

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एका अरुंद लाकडी डोंग्यात बसला आहात. चहूकडे पाणी. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे काळे शेंडे वर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. आणि तुमच्या पायाखालच्या फळीखाली, खोल पाण्यात, एक अख्खं गाव आहे! घरांची जोती, विहीर, शाळेचा ओटा, सगळं.

दिसलं? मग आता डोंग्याच्या मधल्या फळीवर बसलेल्या त्या मुलीकडे पाहा. ती प्रतिक्षा, वय वर्षं बारा. तिच्या मागे लांब बांबू धरून उभे आहेत तिचे आबाजी, बाबुलाल. आणि पुढे डोंग्याच्या दोन्ही कडा गच्च धरून, डोळे मिटून बसलेला म्हातारा म्हणजे आबाजींचा जुना मित्र तुलाराम. गोसीखुर्दचं धरण झालं, गाव पाण्यात गेलं, तेव्हापासून तुलाराम पाण्याला भ्यायचा. आज आला होता तो फक्त आंब्यासाठी.

कुठला आंबा? जुन्या गावामागच्या टेकाडावर प्रतिक्षाच्या आजीने, धुरपताबाईने, लग्न होऊन आली त्या वर्षी एक कोय पुरली होती. गाव बुडालं, पण टेकाड बुडालं नाही. त्याचं बेट झालं, आणि झाड अजून फळतं. शेंदरासारखी लाल फळं, म्हणून नाव शेंदऱ्या. यंदा आजी महिनाभर तापाने झिजली. ताप उतरला तरी तिला अन्न गोड लागेना. परवा ती म्हणाली, "शेंदऱ्याचा आंबा भेटला त खाईन."

बस्स! मोहीम ठरली.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आधीच सांगायला हवी. आबाजींना मधुमेह होता. रोज सकाळी ते इन्सुलिन घेत. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. ते घेऊन माणूस वेळेवर जेवला नाही, तर साखर नको तितकी खाली जाते. मग हातपाय थरथरतात, घाम फुटतो, पोटात आग पडते. शरीर ओरडून सांगत असतं, मला खायला दे! पण काही माणसांच्या बाबतीत, आजार जुना झाला की, हे ओरडणंच बंद पडतं. साखर खाली जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरला हेच तपासायचं होतं. तिने प्रतिक्षाजवळ एक कागद दिला. वर प्रश्न होता: साखर कमी झाली तर तुम्हाला कळते का? नेहमी, कधी कधी, की कधीच नाही? खाली दहा ओळी. दर वेळी आबाजींनी आधी अंदाज सांगायचा आणि मग बोटाला टोचून यंत्रावर खरा आकडा पाहायचा.

"नेहमी. लिही!" आबाजी म्हणाले होते. "हातात घेतल्याबरोबर मासोळी किती वजनाची ते सांगतो मी. अन् माझ्या आंगातलं मले नाही समजन?"

नऊ ओळी भरल्या. त्यांपैकी दोनदा आबाजी म्हणाले एकशे वीस, आणि यंत्राने दाखवलं बासष्ट, मग अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली म्हणजे कमी!

"मशीन बिघडली," आबाजी म्हणाले. मग हळूच, "पोरी, त्या कागदावर 'कधीच नाही' गेलं ना, त तुझा बाप माझा डोंगा विकून टाकन. मंग मी घरी बसून भिंती मोजू का?"

म्हणून 'नेहमी' तसंच राहिलं. तो कागद, यंत्र आणि साखर उतरलीच तर म्हणून गुळाचा एक खडा प्रतिक्षाच्या पिशवीत होता.

उजाडताच ते निघाले. आबाजी बांबू टाकण्याआधी खोली सांगायचे. "चार हात!" बांबू चार हात ओला व्हायचा. "आता सहा!" सहाच! प्रतिक्षाला हा खेळ भारी आवडायचा. पण बुडालेल्या झाडांच्या गर्दीत शिरल्यावर वाट सापडेना. एकीकडे खुंट, दुसरीकडे कोणीतरी टाकलेलं जाळं. मागे फिरायचं, वळसा घालायचा, पुन्हा मागे. ऊन चढलं. पश्चिमेकडून वारा सुटला.

"आबाजी, भाकर खाऊन घ्या ना. इन्सुलिन घेऊन लय वेळ झाला."

"बेटावर खाऊ, आंब्याखाली. आलंच ते."

तेवढ्यात तुलारामने डोळे उघडले. पाण्याबाहेर ताडाची दोन खोडं उभी होती. "बाबुलाल! इथंच गा! या दोन ताडांच्या मधीच होती माता माय!" त्याने हात जोडले. देवीपुढे ठेवायला काही तरी हवं. त्याचा हात प्रतिक्षाच्या पिशवीत गेला. प्रतिक्षा वळून पाहीपर्यंत गुळाचा खडा पाण्यात. बुडुक!

"माय, लेकरं आली तुझी. गोड घे."

"तुलारामबाबा!" प्रतिक्षा ओरडली. "तो आबाजीच्या साखरेसाठी होता!"

तुलारामचं तोंड एवढंसं झालं. "मले का मालूम, माय? मले वाटलं, खायले आणला."

आबाजी पोट धरून हसले. "गूळ दिसला का याले देव आठवते!"

प्रतिक्षाही हसली. पण तिने बेटाकडे पाहिलं आणि अंतर मोजलं. अजून बरंच होतं.

वारा वाढला. पाण्यावर लाटा उठल्या. आबाजी गप्प झाले होते. मग म्हणाले, "दोन हात."

बांबू खाली गेला. आणखी खाली गेला. तळ लागलाच नाही! आबाजी तोल जाऊन पुढे झुकले, डोंगा कलंडला, तुलाराम किंचाळला. आबाजी कसेबसे सावरले.

"दोनच हात आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि उगाच हसले.

आबाजींचा पाण्याचा अंदाज कधी चुकत नाही. कधीच नाही! तिने मान वळवली. बेट डावीकडे होतं, आणि डोंग्याचं तोंड उजवीकडे, जिथे झाडं संपून मोकळं पाणी फेसाळत होतं.

"आबाजी, बेट तिकडं आहे."

"मले शिकवून राहिली?" आबाजी खेकसले. तिच्यावर ते आजवर कधी खेकसले नव्हते. "चूप बस, शांता!"

शांता म्हणजे तिची आत्या. आत्या तर साकोलीला राहते!

अंगाला घाम नाही. हाताला थरथर नाही. शरीर ओरडत नव्हतं. प्रतिक्षाने पिशवी ओढली.

"आबाजी, बोट द्या. दहावी ओळ राहिली. अंदाज सांगा."

"एकशे... तीस."

सुई टोचली. रक्ताचा थेंब. यंत्र मोजत राहिलं. पाच, चार, तीन, दोन, एक.

अठ्ठेचाळीस!

"तुलारामबाबा, मागं या! आबाजीले धरा. खाली बसवा. सोडू नका!"

"मी? उठू? या पाण्यात?"

"उठा!"

आणि पाण्याला भिणारा तुलाराम उठला! गुडघ्यांवर रांगत मागे आला, आणि मित्राला मागून कवटाळून फळीवर बसला. "बस रे बाबुलाल. बस माझ्या राजा." प्रतिक्षाने भाकरीचा तुकडा आबाजींच्या तोंडात दिला. त्यांनी तो थुंकून टाकला. तसंही भाकरीची साखर व्हायला वेळ लागतो, हे सिस्टरने सांगितलं होतं. आत्ता गोड हवं होतं. लगेच! आणि गोड होतं फक्त एका ठिकाणी.

तिने डोंग्याच्या तळाशी पडलेलं वल्हं उचललं.

डावीकडे. ओढ. पुन्हा ओढ! लाट बाजूने आदळली, पाणी आत आलं. खुंट! तिने पायाने खुंट लोटला. चप्पल पाण्यात गेली. जाऊ दे! ओढ! दंड पेटले. मागे तुलारामची बडबड अखंड चालू होती, "झोपू नको गा. तुझ्या लग्नात मी किती जिलब्या खाल्ल्या, सांग बरं? नाही, चाळीस नाही, बत्तीस!" आबाजी नुसते हुंकार देत होते. मग हुंकारही विरळ झाले.

डोंग्याचं तोंड चिखलात रुतलं. बेट!

ती धावली. शेंदऱ्याखाली पाडाची पिकलेली फळं पडली होती. चार उचलली, परत धावली. "आबाजी, माझ्याकडं पाहा. आधी पाण्याचा एक घोट. गिळा." गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, घशात अडकतं, हे तिला पाठ होतं. आबाजींनी घोट गिळला. मग तिने आंबा दाबून मऊ केला, देठ काढला आणि रस पिळला. एक आंबा. दुसरा. सहा वर्षं घरात ज्या आंब्याला आबाजींना हात लावू दिला नव्हता, तोच आज ती त्यांना भरवत होती!

पंधरा मिनिटं. एवढी लांब पंधरा मिनिटं तिने शाळेतसुद्धा पाहिली नव्हती. सुई टोचली. एकसष्ट. आणखी एक आंबा. पुन्हा पंधरा मिनिटं. अठ्ठ्याण्णव!

आबाजींनी डोळे चोळले. हनुवटीवरून रस ओघळत होता. "काहून असे पाहून राहिले तुमी? अन् हा बुढा मले काहून मिठी मारून बसला?"

तुलाराम हसला, आणि हसता हसता रडला.

आता आबाजींनी मुकाट्याने भाकर खाल्ली. प्रतिक्षाने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. जुना आकडा अजून त्यात होता.

"अठ्ठेचाळीस," आबाजी पुटपुटले. "अन् मले काहीच नाही समजलं?"

"सिस्टर म्हणे, काही महिने साखर खाली जाऊ नाही दिली, त शरीराचं ओरडणं वापस येऊ शकते. पण त्यासाठी तिले खरं मालूम पाहिजे."



वाऱ्याचा जोर वाढत होता. टोपलीभर आंबे गोळा झाले होते, पण पाणी शिरलेल्या डोंग्यात एवढं ओझं नको. "आजीपुरते घे. बाकीचे पाखरं खातीन," आबाजी म्हणाले. तुलारामने दुपट्ट्यात दहा आंबे बांधले आणि उरलेल्यांकडे पाहून लांब सुस्कारा सोडला. परतताना डोंगा काठाकाठाने निघाला. बांबू प्रतिक्षाच्या हातात होता. आबाजी मध्ये बसून खोली सांगत होते. "तीन हात." तीनच!

काठावर उतरल्यावर आबाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आंबे आजीले दे. बाकीचं... घरी सांगू नको, पोरी. डोंगा जाईन माझा."

प्रतिक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. मग आंबे तुलारामच्या हाती देऊन, एका पायात चप्पल घालून, ती तडक उपकेंद्राच्या वाटेला लागली. पायरीवर बसून तिने कागद मांडीवर पसरला. दहाव्या ओळीत लिहिलं: अंदाज १३०, यंत्र ४८. वरचं 'नेहमी' खोडलं, आणि 'कधीच नाही'वर खूण केली. खूण करताना तिचे डोळे भरून आले.

मग, तसा प्रश्न कोणी विचारला नव्हता तरी, खालच्या रिकाम्या जागेत तिने ठळक अक्षरांत लिहिलं: 'डोंगा विकू नका. आबाजीला एकटं पाठवू नका. मी सोबत बसते.' आणि उठून तिने सिस्टरचं दार वाजवलं.