आजीचा घास

रोज दिवेलागणीला मनी कुंपणावरून पलीकडे उडी मारायची आणि परत यायची तेव्हा तिच्या मिशा दुधानं ओल्या असायच्या. केतकीला यात काही वावगं वाटलं नसतं... पण पलीकडचं घर बंद होतं. रत्नप्रभाबाई वारल्यापासून तिथे कुणी राहत नव्हतं, वीजसुद्धा तोडलेली.

"म्हातारीच पाजत असंन," शेजारच्या चंदाबाई म्हणत. "दहाव्याले कावळा शिवला नाही तिच्या पिंडाले. जीव अडकला हाये कशात तरी."

केतकीनं ते हसण्यावारी नेलं. राजूरला येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तिला काळजी भुताची नव्हती, मांजरीची होती. खाजवून खाजवून मनीनं मान सोलून काढली होती. कानामागे खपल्या धरलेल्या. पिसवा नव्हत्या. वणीचे डॉक्टर म्हणाले, खाण्याची अ‍ॅलर्जी दिसते. उकडलेलं चिकन द्या, बाकी काही म्हणजे काही नको. केतकी डोळ्यांत तेल घालून पथ्य सांभाळत होती, आणि कुणीतरी त्या पथ्यावर दूध ओतत होतं!

त्या संध्याकाळी ती मांजरीमागोमाग गेली. मागचं दार नुसतं लोटलेलं. आत कापराचा वास, आणि अंधूक उजेडात वेताची रिकामी खुर्ची. मनी खुर्चीपुढे बसून वर पाहत होती... बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे असावा, नेमकी तिथे. मग तिनं पाठ उचलली, कुणी कुरवाळत असल्यासारखी. केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोण हाये?"

ती किंचाळली. विचारणाराही किंचाळला, आणि त्याच्या हातातली ताटली खणखणत पडली.

तो पियूष होता, रत्नप्रभाबाईंचा नातू. वणीत नोकरीला, सुटल्यावर थेट इथे यायचा. घाबरलेला माणूस इतका देखणा दिसतो हे केतकीला नवीनच होतं.

"मांजर तुमची हाये?" तो ओशाळला. "मले वाटलं... आजीनंच धाडली. कावळा नाही शिवला, पण खुर्चीपुढं घास ठेवला तं हे पहिल्याच दिवशी जेवली. तवापासून रोज आणून राह्यलो, आजीची आवडती दूध-भाकर."

"त्या दुधानंच खाजवून मरून राह्यली ना हे!" केतकीनं मनीची उघडी मान दाखवली.

त्यानं हलकेच बोट टेकवलं. त्याचे डोळे भरून आले.

"बंद करतो. पण मंग... आजी उपाशी राहीन."

ते त्यानं इतकं सरळ म्हटलं की तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"दहाव्याले तिची इच्छा काहून नाही बोललात? वचन दिलं की शिवते म्हनतात."

"माहं लगन पाह्याचं होतं तिले." तो खाली पाहू लागला. "पोरगी कुठी होती? मेलेल्या माणसासंग खोटं कसं बोलू?"

लोक जित्याजागत्या माणसांशी खोटं बोलतात, आणि हा...! केतकी त्या क्षणीच कामातून गेली.

मग तो मनीसाठी चिकन आणू लागला. आजीचा घास मात्र कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा. कावळे त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. 'तुमी'चं 'तू' झालं. मनीची मान भरत आली, नवी लव फुटली... पण घरात गेली की ती अजूनही खुर्चीपुढेच बसायची, वर पाहत.

"मनी बरी झाली," एका संध्याकाळी तो म्हणाला. "आता मी कायले येऊ?"

"आजीले वचन द्याले," केतकी म्हणाली.

"खोटं—"

"नाही होणार खोटं. बोल तू."

तो भिंतीवरच्या घासाकडे वळला. मग हात जोडून, चाचरत म्हणाला, "आजी... लगन करतो. केतकीसंग."

कावळे केव्हाच झाडांवर परतले होते. तरी एक उतरला. भाकरीचा तुकडा उचलला आणि गेला.

दोघं आत गेली. पियूषनं तिचा हात घट्ट धरला होता. मनीनं खुर्चीला एक फेरी घातली, टुणकन वर उडी मारली आणि अंगाचं मुटकुळं करून झोपी गेली. इतक्या दिवसांत त्या खुर्चीवर ती कधीच चढली नव्हती.