विश्रामकाकांची नाडी

पोथीनं पुन्हा तेच सांगितलं: 'स्थान सोडू नये.'

देवळात जमलेल्या वरच्या वाडीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि लोक चपला शोधायला लागले. हेमांगी मात्र जागची हलली नाही. वाडीची ही सून आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. सकाळीच ती भर पावसात झऱ्यावर जाऊन आली होती. झऱ्याचं पाणी लाल गढूळ झालं होतं आणि डोंगराला पडलेल्या भेगेत तिचा हात कोपरापर्यंत गेला होता. तालुक्याहून आलेला अभियंता 'डोंगर खचेल का, ते खात्रीनं सांगता येत नाही' एवढंच खात्रीनं सांगून गेला होता.

पूर्वी गावात कागदाची पोथी होती. अडचणीच्या वेळी गुरवानं डोळे मिटून ती उघडायची आणि बोट पडेल ती ओळ म्हणजे शकुन. तिला वाळवी लागली तेव्हा देवस्थान समितीनं ही नवी शकुनपोथी आणली. हिची पानं कोरी होती. उघडली की विद्युत-शाईनं त्यांवर ओळ उमटायची. पुठ्ठ्यातलं संवेदकांचं जाळं उघडणाऱ्याची नाडी आणि बोटांची थरथर टिपायचं आणि त्यावरून ओळ ठरायची. जन्मभर डोंगराखाली राहिलेल्या माणसाच्या अंगाला धोका मनाआधी कळतो, हे त्यामागचं शास्त्र. लोकांना शास्त्राशी घेणंदेणं नव्हतं. गुरव विश्रामकाकांच्या हातात पोथी एकदा 'गुरं हलवावीत' म्हणाली आणि त्याच आठवड्यात गोठ्यांवरून व्हाळ, डोंगरातला ओढा, वाहिला. तेव्हापासून वाडीत लग्नाची तारीखही तिला विचारल्याशिवाय ठरत नव्हती.

विश्रामकाका पोथी कापडात गुंडाळत होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, नजर सारखी डोंगराकडे जात होती. हेमांगीनं पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. नाडी संथ होती, झोपलेल्या माणसासारखी.

दिवाळीनंतर काकांची छाती धडधडायला लागली म्हणून डॉक्टरांनी नाडी संथ ठेवणारी, थरथरही दाबणारी गोळी दिली होती. उपकेंद्रातून ती गोळी त्यांना हेमांगीच देत होती.

"पोथीक काय कळाचाच नाय!" ती मोठ्यानं म्हणाली. "काकांची नाडी गोळयेन बांधून ठेवलेली आसा. डोंगर अंगावर इलो तरी ती धावची नाय."

समितीचे अध्यक्ष बाबल परब उसळले. "म्हणजे शकुन खोटो? गुरवाचो मान काढतलंस तू?"

"मगे एक दिवस गोळी बंद करूया," मागून कुणीतरी सुचवलं.

"आणि काकांका काय झाला तर? अजिबात नाय!" हेमांगी काकांकडे वळली. "काकांनू, पोथी रवांदे. तुमका स्वतःक काय वाटता?"

गुरवानं शकुन वाचायचा, स्वतःचं मत द्यायचं नाही, हा रिवाज. आयुष्यभरात काकांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"माका भय वाटता गो," ते अखेर म्हणाले. "रात्री डोळ्याक डोळो लागना नाय. पण पोथी रवा म्हणता, मगे सांगणारो मी कोण?"

"डोंगर वळखणारे तुमीच."

काकांनी पोथी देवापुढे ठेवली आणि उपरणं खांद्यावर टाकलं. "मी खाली जातंय. माझ्यावांगडा कोण येता?"

आधी काकांच्या घरची माणसं उठली, मग शेजारी, मग सगळेच. संध्याकाळपर्यंत अख्खी वाडी गुराढोरांसह खालच्या शाळेत आली. सगळ्यांत शेवटी परब आले, पुटपुटत, काखेत गाठोडं घेऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत बसलेली असताना डोंगर खाली आला. आवाज थांबला तेव्हा वरच्या वाडीच्या जागी नुसती लाल माती होती. कुणी रडलं, कुणी पोरांना पुन्हा पुन्हा जवळ घेतलं. माणूस एकही गेला नव्हता.

परबांनी गाठोडं सोडलं. आत शकुनपोथी होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी हेमांगीपुढे धरली.

"नवी वाडी खय वसवची, तूच सांग आता. तुझो हात खरो."

सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तो हात थरथरत होता. या घडीला पोथीत काय उमटेल ते तिला उघडल्याशिवाय ठाऊक होतं: जिथे जाल तिथून पळा. आणि ही माणसं पळाली असती.

तिनं पोथी मिटलेलीच परत गाठोड्यात ठेवली आणि वर घट्ट गाठ मारली. सगळ्यांना गोल बसवलं, विश्रामकाकांनाही.

"कोणाक खय रवाचा वाटता, खय भय वाटता, ता तोंडान सांगा," ती म्हणाली. "आदी कोण बोलता?"